पोच

आमच्या गल्लीत त्यांना झेरॉक्सकाका म्हणतात. खरं नाव पेन्शनच्या कागदावर एक, आधारवर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं आहे. तिन्हींच्या झेरॉक्स त्यांच्याजवळ तयार असतात. पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर उभी हयात गेली. इटियाडोह धरणातून पाणी सुटलं नसेल एवढे कागद आपल्या हातून सुटले, असं ते स्वतःच सांगतात. 2012 साली निवृत्त झाले, पण टेबल अंगातून गेलं नाही. लग्नपत्रिका द्यायला गेलात तरी कोपऱ्यात आवक तारीख टाकतात आणि मगच लाडू पुढे करतात.

पोरीनं काका-काकूंची श्रीलंकेची सहल ठरवली. चार रात्री. जाण्याआधी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी काढायची होती. काका काखेत फाईल, खिशात टाचण्या आणि प्रत्येकी बारा फोटो घेऊन माझ्या दारात हजर.

"काका, फोटो नाही लागत. घरबसल्या होते."

"फोटो नाही? मग मीच तो, हे त्याइले कसं समजन?"

मी शोधून जी पहिली साइट दिसली ती उघडली. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "लेटरहेड पाह्यलं का बाबू? सरकारी कागदावर 'त्वरा करा' असं कधी लिवलेलं असते का?"

पाहिलं तर ती कुण्या दलालाची साइट, वरून सेवाशुल्क लावणारी. खरा पत्ता 'जीओव्ही'नंतर 'एलके'वर संपतो. मी कॉम्प्युटरवाला, पण पकडलं आवक-जावकवाल्यानं. ही कबुली मी काकूंपाशी दिलेली नाही, कारण त्या काकांना सांगतील.

नावापाशी पहिली अडचण. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नावाच्या रकान्यात काकांपाठोपाठ त्यांचे वडील. जसंच्या तसं उतरवावं लागते, म्हटलं. काका हळहळले. "माहा बाप कधी बालाघाटच्या पुढं गेला नाही. चाल, या निमित्तानं त्याचीही लंका होते."

पुढे विचारलं होतं, सध्या आपण श्रीलंकेत आहात काय?

"लंकेत असतो तर तुह्या दारात कशाले बसलो असतो? नाही लिव. पण खाली शेरा मार, अर्जदार गोंदियात हजर."

शेऱ्याला जागा नव्हती. त्यांना ते फार लागलं.

मग आला जन्माचा देश. मी भारत निवडणार, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला. "थांब. प्रकरण सोपं नाही." आणि फाईल उघडली. जन्म 1954 चा, तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात गेला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला. "मध्य प्रदेशात जन्मलो, मुंबई राज्यात कांजिण्या निघाल्या, महाराष्ट्रात शाळेत गेलो, भंडारा जिल्ह्यात नोकरी लागली अन् गोंदिया जिल्ह्यात पेन्शन. घर तेच, विहीर तीच! राज्यं माह्या अंगणातून गेली, कोणी अर्ज केला का मले?"

प्रत्येक टप्प्याचा दाखला त्यांनी टेबलावर मांडला. तोवर स्क्रीनवर आलं, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. पुन्हा काका, पुन्हा त्यांचे वडील.

अर्ज गेला. काका उठेनात.

"पोच?"

"ईमेल येईल."

"कोणाची सही?"

दुसऱ्या दिवशी मंजुरी आली, तीही स्पॅममध्ये जाऊन बसली होती. मुक्काम 30 दिवस, डबल एन्ट्री. काका खूश झाले. "जमा अन् नावे, दोन्ही! हिशेबाचे पक्के दिसतात." दोनदा जाता येते असा त्याचा अर्थ, हे सांगितल्यावर त्यांनी हळूच काकूंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. तरी गोल शिक्का नाही ही खंत उरलीच. चार प्रती काढल्या. एक आपली, एक काकूंची, एक घरची आणि एक कार्यालयीन. कार्यालय कोणतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सहलीहून आले तेव्हा मी कँडीचं, समुद्राचं विचारलं. काका गप्प. काकूंनीच सांगितलं. कोलंबोच्या विमानतळावर यांनी कार्यालयीन प्रत पुढे सरकवली. साहेबानं ती न बघताच परत दिली, पासपोर्टावर शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. हे हलेचनात. मागं रांग तुंबलेली. शेवटी काकूंनीच बाहीला धरून ओढलं.

काकांनी फाईल उघडली. त्या शिक्क्याच्या पानाच्या झेरॉक्स होत्या, टाचणी लावलेल्या. एक माझ्यापुढे सरकवली आणि पेन काढून दिला.

"हे तुह्या फायलीले लाव. अन् माह्या प्रतीवर मिळाल्याची सही कर, तारखेसहित."