शेजार : दहापैकी सहा

मु. पो. हेदवी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी

आमचे संभाव्य शेजारी यांस,


साहेब, तुमचा तक्ता पोचला. तुम्ही तो जागेच्या एजंटाला पाठवलात, त्याने तो चुकून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि काढून टाकेपर्यंत विरार-नालासोपाऱ्यापर्यंतच्या सगळ्या हेदवीकरांचा वाचून झाला. तेव्हा उत्तरही उघडंच देते.

तक्ता सुरेख आहे. हेदवी, वेळणेश्वर, गुहागर आणि शृंगारतळी असे चार रकाने, आणि डावीकडे गुंठ्याचा दर, समुद्राचं अंतर, पाणी, दवाखाना, इंटरनेट, शांतता, घरभाडं. सगळ्यात खाली 'शेजार'. त्यात हेदवीला दहापैकी सहा आणि वेळणेश्वरला सात. वेळणेश्वरात तुम्हाला कोणी सोलकढी पाजली ते ठाऊक नाही, पण आमचे चार गुण कुठे कापले गेले यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं आणि त्यात शेजाराचे उरलेलेही जातात की काय अशी वेळ आली.

माझी ओळख सांगते. आमच्या वाडीतल्या बंद घरांच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या असतात. गणपतीच्या आधी घरं उघडून केर काढायचा, शिमग्याला पुन्हा एकदा, आणि मधल्या पावसात कुठलं कौल माकडाने सरकवलं ते मालकाला फोनवर कळवायचं, हे माझं काम. त्यामुळे कुठलं घर कोणाचं, त्यात हिस्से किती आणि कोणाचं कोणाशी बोलणं नाही, हे तलाठ्याच्या आधी मला कळतं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. हिस्से तेवढेच आहेत.)

आधी समुद्राचं बघू. तुम्हाला तो हाकेच्या अंतरावर हवा आहे. किनाऱ्याचे सीआरझेडचे नियम १९९१ साली आले, २०११ ला बदलले, २०१९ ला पुन्हा बदलले. आमच्यासारख्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं घर बांधता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेत सवलत आहे, पण ती दाट वस्तीला. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं राहतात, तिथे आराखडा मंजूर झाल्यावर हीच हद्द ५० मीटरवर येते. तुमच्या तक्त्यात समुद्रालाही पूर्ण गुण आणि शांततेलाही. सरकार म्हणतं, शांतता हवी असेल तर मागे सरा, गर्दी घेऊन आलात तर पुढे या. आम्ही हापूसची कलमं, माकडं आणि गणपतीला आलेले चाकरमानी धरून मोजलं तरी २१६१ भरत नाहीत.

शिवाय उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ तुम्ही पाहिलीत, भरतीचं पाणी कातळाच्या फटीत शिरून वर उसळताना व्हिडिओही काढलात. तो खारा वारा व्हिडिओपुरता थांबत नाही. तुमचं लोखंडी गेट, गच्चीचे गज आणि एसीचं बाहेरचं यंत्र यांचीही तो रोज चौकशी करील. जुनी माणसं किनाऱ्यालगत आगर ठेवत आणि घर माडांच्या आड बांधत. त्यांना समुद्र दिसायला नको होता. मासे तेवढे हवे होते.

आता गुंठ्याचा दर. एजंटाने सांगितला तो आकडा तुम्ही जसाच्या तसा लिहिलात आणि गुणाकार करून मोकळे झालात. साहेब, कोकणात दर गुंठ्याचा सांगतात, पण खर्च सातबाऱ्यावरच्या नावांचा असतो. पणजोबांच्या नावे असलेली जमीन, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे, आणि वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही बरोबरीच्या हक्कदार. त्या माझ्या मते आधीच हव्या होत्या, पण तुमच्या वकिलाला माझं मत विचारायचं नाही, सह्या मोजायच्या आहेत. एक सही बोरिवलीत, एक बडोद्यात, एक न्यू जर्सीत, आणि एका काकांची सही कोणी कुठे घ्यायची हे अजून ठरलेलं नाही, कारण ते १९७० च्या सुमारास रागावून गेले ते गेले. एखाद्या हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा तुम्हाला विकला तरी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे भरून तुम्ही पडवीचे मालक व्हाल, पण पडवीत बसायचं की नाही ते आमच्या काकू ठरवतील.

जमीन शेतीची असेल तर आणखी एक पायरी. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुम्ही एजंटाला लिहिलंत की निवृत्तीनंतर सेंद्रिय शेती करायची मनापासून इच्छा आहे. इच्छेने माणूस शेतकरी होत नाही, त्याला सातबारा लागतो. आणि सातबारा हवा तर आधी शेतकरी असावं लागतं. दाखला 'करून देतो' असं सांगणारे भेटतील. त्यांच्याकडून चहा घ्या, दाखला घेऊ नका. दोन-तीन गुंठेच मागायला जाल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र खाली आणलं, तरी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. म्हणून बिगरशेती (एनए) प्लॉट घ्यावा, तर त्याच्या जाहिरातीतला १२ फुटी रस्ता कोणाच्या तरी गडग्यातून जातो, आणि त्या कोणाला तरी ते अजून कळलेलं नसतं. इथे वाटेवरून माणसं तहसीलदारांपर्यंत जातात. वाट अडवली तर दाद मागायला १९०६ सालचा मामलेदार कोर्टाचा कायदा आजही चालतो. निकाल लागेपर्यंत चिरे आणि रेती मात्र डोक्यावरून न्यावी लागते.

पाण्याला तुम्ही नऊ गुण दिलेत. तक्ता बहुधा जुलैत केलात. तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये टँकर का फिरतात, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. जांभा पाणी धरत नाही. वरून आलेलं खालून समुद्राला देऊन टाकतो. बोअर मारलीत आणि किनारा जवळ असला तर पाणी मचूळ लागण्याचा धोका. विहीर बघायची ती मे महिन्यात, आणि वाकून बघायची.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरात लिहिलंत. गुहागर वीस-पंचवीस किलोमीटर, बरोबर. पण मोठं दुखणं आलं की आम्ही चिपळूणची वाट धरतो, तिथून डेरवणच्या रुग्णालयाची. त्या वाटेला वळणं आहेत आणि रात्र आहे, आणि २२ जुलै २०२१ सारखा दिवस उगवला तर चिपळूणच पाण्याखाली असतं. तुमच्या तक्त्यात या सगळ्याला '५२' असं एका आकड्यात बसवलंय.

हिशेब करून येणारे पाहुणे आम्हाला नवे नाहीत. इकडे अंजनवेलला एन्रॉन आलं होतं. १९९२ ला सामंजस्य करार, १९९५ ला प्रकल्प रद्द, पुन्हा करार, १९९९ ला वीज, २००१ ला बंद. त्यांचे तक्ते तुमच्याहून जाड होते. त्या मानाने तुमचा फार तर पगारी रजेचा प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्दा, जो तक्त्यात चुकला आहे. तुम्ही 'घरभाडं' या ओळीत हेदवीखाली रेघ मारलीत आणि खाली टीप दिलीत, 'भाड्याने घरे उपलब्ध नाहीत, कारण घरांची टंचाई'. साहेब, टंचाई घरांची नाही. माझ्या खिळ्याकडे बघा. आमच्या वाडीत घरं आहेत, माणसं नाहीत. ओटी, माजघर, मागची पडवी, विहिरीवर पंप, दारात खळं, सगळं जागच्या जागी, आणि कडीला कुलूप. वर्षातून गणपतीचे दिवस आणि मे महिन्यातले थोडे सोडले तर आत फक्त पाली राहतात. यातलं एखादं घर वर्षभरासाठी मिळालं, तर तुम्ही एक पावसाळा काढाल, वीज तीन दिवस गेल्यावर बायको काय म्हणते ते ऐकाल, आणि मग विकत घ्यायचं की नाही ते तक्त्यावाचून कळेल. पण ते घर कोणी देणार नाही. कारण विचारा, उत्तर एकच : कूळ लागेल.

या भीतीचं मूळ : १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कसणारी कुळं त्या दिवसापासून जमिनीची मालक ठरली. त्याआधी १९४९ च्या कायद्याने खोती गेली होती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वरकस जमिनीत नाचणी पिकवून मक्ता भरला त्यांना ती मिळाली, हे न्यायाचंच झालं. पण ज्यांची गेली त्यांच्या नातवंडांना त्या कायद्यातलं एवढंच आठवतं की कोणालाही आत घेतलं की तो निघत नाही. राहतं घर भाड्याने दिलं तर त्याला कूळ कायदा लागत नाही, त्यासाठी १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार होतो, मुदत संपली की घर रिकामं करून घेण्याची तरतूद आहे, हे मी मुंबईच्या मालकांना सांगून थकले. जे स्वतः ठाण्यात आपला दुसरा फ्लॅट अशाच करारावर देऊन महिन्याचं भाडं घेतात, तेच इथल्या माजघराचं नाव काढलं की घाबरतात. वाळवी लागली तरी चालेल, कूळ लागता कामा नये. वाळवीचं एक बरं आहे, ती सातबाऱ्यावर नाव लावत नाही.

याच माणसांचे आजे मुंबईला गेले तेव्हा त्यांनी लालबाग बरं की परळ, असा तक्ता केला नव्हता. चाळीत गावकीची खोली असायची. बोट धक्क्याला लागली की ट्रंक घेऊन थेट तिथे. पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, भाडं सगळ्यांत वाटून. अनोळखी शहरात पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा होती, कारण आधी गेलेल्याने दार उघडं ठेवलं होतं. आज तुम्ही उलट दिशेने आलात, तर गावात खोल्याच खोल्या आणि पाठ टेकायला रिसॉर्ट. मग तुम्ही आकडे मांडत बसलात, यात तुमचा दोष किती आणि आमचा किती, ते मी ठरवत नाही. ग्रुपवर मात्र हे लिहिलं तेव्हा कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

तर माझा एक प्रस्ताव आहे. प्लॉट घेऊ नका, निदान आत्ता. आमच्याच घराला लागून दिरांचं घर आहे, कौलारू, न्हाणीघर नवं, विहिरीला मेमध्येही दोन पुरुष पाणी. असेसमेंटला नावं सगळ्या भावांची आहेत, पण हे भाऊ एकमेकांशी बोलतात, त्यामुळे ही मालमत्ता आमच्याकडे निर्वेध समजली जाते. तुम्ही जूनच्या आधी या, अकरा महिने राहा. करार मी करवून घेते. भाडं वाजवी, वरची शाकारणी आमची, वीजबिल तुमचं, आणि आमच्या दशभुजा गणपतीच्या देवळात येणारे तुमचे पाहुणे माझ्याकडे जेवणार असतील तर आदल्या दिवशी सांगायचं.

दिरांना फोन केले. डोंबिवलीचे हो म्हणाले. पुण्याचे हो म्हणाले. ठाण्याच्या भावजींनी विचार करून परत फोन केला आणि दोनच गोष्टी विचारल्या : भाडेकरू संसारी आहेत ना, आणि त्यांना शेतीबितीची आवड तर नाही ना?

तुमच्या सेंद्रिय शेतीबद्दल मी त्यांना अजून काही बोललेले नाही. तुम्हीही सही होईपर्यंत बोलू नका.

कळावे, लोभ असावा,
आपली संभाव्य शेजारीण