गाडीला कळता कामा नये

आमच्या सोसायटीत सकाळी सातला दोन आवाज ठरलेले. एक दूधवाल्याच्या बेलचा, दुसरा अप्पांच्या फियाटचा. पहिल्या आवाजाला लोक दारं उघडतात, दुसऱ्याला खिडक्या लावून घेतात. अप्पा चोक ओढतात, दोनदा ॲक्सिलरेटर दाबतात, किल्ली फिरवतात आणि बरोबर एक मिनिट डोळे मिटून बसतात. नव्या बिऱ्हाडकरूंना वाटतं, म्हातारबाबा गाडीत बसून जप करतायत. तसं म्हटलं तर तेही खोटं नाही.

गाडी १९७० सालची, फियाट अकराशे डिलाइट. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. अप्पांच्या वडिलांनी नंबर लावला तेव्हा अप्पा शाळेत होते; कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून गाडी आली तेव्हा त्यांना मिशा फुटून काढूनही झाल्या होत्या. कुणी कौतुकानं "वा, पद्मिनी!" म्हणालं की अप्पांचा चेहरा बदलतो. "पद्मिनी हे नाव १९७४ चं. त्याआधी प्रेसिडेंट. ही दोघींच्या आधीची," असं ते सांगतात आणि मग समोरच्याची बस चुकते.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांत दोन पंथ असतात. पहिला सोवळेवाल्यांचा. यांना कारखान्यातून आलेला स्क्रूसुद्धा तोच हवा. बॅटरीवर जुन्या कंपनीचं नाव नसेल तर यांना अन्न गोड लागत नाही. यांच्या गाड्या आरशासारख्या असतात आणि आरशाइतकंच अंतर चालतात. दुसरा पंथ हौशी तरुणांचा. हे फियाटमध्ये ११८ एनईचं निसान इंजिन बसवतात, रुंद टायर घालतात, काळ्या काचा लावतात आणि शेवटी गाडीत जुनं म्हणून फक्त आरसी बुक उरतं. अप्पा या दोघांच्या मधोमध उभे असल्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातात. सोवळेवाले म्हणतात, अप्पांनी गाडी बाटवली. तरुण म्हणतात, अप्पांनी काहीच केलं नाही.

अप्पांचं सूत्र एका वाक्याचं आहे: "बदल करा, पण गाडीला कळता कामा नये."

याचा अर्थ समजायला मला दोन वर्षं आणि साधारण चाळीस कप चहा लागला. उदाहरणार्थ, डायनॅमो. मूळच्या गाडीत डायनॅमो होता. इंजिन संथ चालत असलं की तो चार्जिंगच करत नाही. पावसाळ्यातल्या रात्री सिग्नलला थांबलं की दिवे देवघरातल्या समईसारखे व्हायचे आणि वायपर मारुतीला प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हातारीच्या चालीनं फिरायचे. अप्पांनी छोट्या मारुतीचा अल्टरनेटर आणला, ब्रॅकेट स्वतः कापून घेतलं आणि तो डायनॅमोच्याच जागी बसवला. वरून काळा रंग मारला. मी विचारलं, "रंग कशाला?" म्हणाले, "चकाकला तर बाकीच्या पार्टांना आपण म्हातारे झालो असं वाटेल."

दिव्यांचंही तेच. पूर्वी हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जाऊन यायचा. पन्नास वर्षांच्या वायरीतून फिरता फिरता त्याचा निम्मा जीव वाटेतच जायचा. अप्पांनी रिले बसवला. आता स्विच नुसता हुकूम देतो, करंट बॅटरीतून थेट दिव्याला जातो. "सासूबाईंच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा आणि स्वयंपाक सुनेनं करायचा," हे त्यांचं रिलेचं स्पष्टीकरण. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून आत नखाएवढं इलेक्ट्रॉनिक इग्निशन दडवलंय, पण टोपण जुनंच. ब्रेकच्या बाबतीत मात्र त्यांनी तीन वर्षं विचार केला. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच लाइन. ती फुटली की ब्रेक म्हणजे परमेश्वर. शेवटी नात पहिल्यांदा गाडीत बसली त्या आठवड्यात अप्पांनी दुहेरी लाइनचा मास्टर सिलिंडर बसवला, पुढे डिस्क लावल्या आणि सीटला पट्टे आणले. डिस्क व्हीलकॅपच्या आड लपल्या. पट्टे लपवता येईनात, म्हणून सीटच्याच रंगाचे शोधले. मेव्हण्यांनी एकदा एसीचं सुचवलं होतं. अप्पा शांतपणे म्हणाले, "चाळीस घोडे आहेत तिच्याकडे. ते खंबाटकी चढतील किंवा तुम्हाला वारा घालतील. काय ते ठरवा."

खंबाटकीवरून आठवलं. पूर्वी मे महिन्यात घाटात गाडी अर्ध्यावर बसायची. इंजिनला चिकटलेला पेट्रोल पंप तापला की आत पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. अप्पांच्या पिढीतल्या प्रत्येकानं हे फडकं वापरलंय. काकूंच्या एका चांगल्या ओढणीचा अंत त्यातच झाला. आता मागे टाकीजवळ विजेचा पंप आहे, दिसणार नाही असा. पण डिकीत घडी घातलेलं फडकं अजून असतं. "लागत नाही," अप्पा म्हणतात, "पण ते काढलं तर तिला संशय येईल."

दुसरा नियम परतीच्या वाटेचा. गाडीला नवं भोक पाडायचं नाही, जुनी वायर कापायची नाही, काढलेला पार्ट टाकायचा नाही. "उद्या कुणाला ती मूळची करायची असेल तर एका रविवारात झाली पाहिजे." त्यामुळे एक अख्खी दुसरी फियाट अप्पांच्या फ्लॅटमध्ये राहते. डायनॅमो माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेला. बिस्किटांच्या डब्यांत पॉइंट, कंडेन्सर, जेट. प्रत्येकावर चिठ्ठी, तारीख, किलोमीटर. ब्रेकचे ड्रम दिवाणाखाली. काकू एकदा मला म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या पितळी पातेल्याला या घरात जागा नव्हती हो. मोडीत दिलं." मग जरा थांबून, "ड्रमच्या आधी दिलं, नंतर दिलं असतं तर निदान भांडता आलं असतं."

पार्ट मिळवण्यासाठी अप्पा कुठंही जातात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात, एरवी नाना पेठेत, अधूनमधून कुर्ल्याला. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. अप्पांनी ते सगळे वाचले, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मुंबई गाठली. संध्याकाळी परतले ते दोन दरवाज्यांची हँडलं, एक स्टीअरिंग बॉक्स आणि गुडघ्याएवढी बांधलेली गोणी घेऊन. सुतक आणि खरेदी एकाच दिवशी उरकणारा माणूस मी तेव्हाच पाहिला.

काळाशी त्यांचं भांडण नाही, फक्त घासाघीस असते. शिसंविरहित पेट्रोल आलं तेव्हा त्यांनी हेड उतरवून कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या, कारण जुन्या पेट्रोलमधलं शिसंच त्या जागेची झीज रोखून धरत असे. इथेनॉल मिसळायला लागले तेव्हा रबराच्या सगळ्या नळ्या बदलल्या, कार्ब्युरेटरचं किट बदललं. "सरकारला उसाचं बघायचंय, मला नळीचं," एवढीच त्यांची राजकीय प्रतिक्रिया.

मध्यंतरी कुणीतरी त्यांना व्हिंटेजच्या नंबराचं सांगितलं. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नोंदणीचे वीस हजार, दहा वर्षांची निश्चिंती. अप्पा खुलले. नियम मागवून लाल पेन घेऊन वाचायला बसले. पुढचं कलम आलं: ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. अप्पांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे फोटोतल्या आजोबांसारखं. हार घालायचा आणि जेवायला वाढायचं नाही." त्यांनी नेहमीप्रमाणे पाच वर्षांची फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला आणि परत येताना मंडईतून दोन किलो वांगी आणली. वांगी कुणालाच नको होती. मुद्दा वांग्यांचा नव्हता.

या सगळ्यात अप्पांचं खरं हत्यार म्हणजे एक फूटभर लांब पेचकस. त्याचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट बोलतोय," ते सांगतात, आणि उघडल्यावर खरंच तिसराच असतो. याच माणसाला काकूंनी स्वयंपाकघरातून चारदा हाक मारली तरी ऐकू येत नाही, हे आम्ही शेजारी संसारातलं नेहमीचं कौशल्य समजत होतो.

काकू मात्र वर्षभर सांगत होत्या, "मागून काहीतरी कुईं करतंय." अप्पा म्हणायचे, "तुझ्या बांगड्या." त्यांनी बांगड्या काढून ठेवल्या. "मग खिडकीची फट." फटीत कागद घातला. "मग तुझा भास." यापुढे घालायला काही उरलं नाही.

शेवटी नाना पेठेतल्या उस्तादांकडे ग्रीसिंगला गाडी गेली. उस्ताद अप्पांहून दहा वर्षांनी लहान आणि कमी बोलणारे. गाडी आत घेताच म्हणाले, "अप्पा, डिफरन्शियलचं बेअरिंग गेलंय. गल्लीच्या तोंडापासून ओरडत येतंय. तुम्हाला येत नाही ऐकू?"

अप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले, सोबत मला घेऊन. वर्षानुवर्षं काकूंनी, मुलानं, सुनेनं विनवलेलं काम एका बेअरिंगनं केलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. खालचे सूर सगळे ऐकू आले, वरचे जवळजवळ नाहीत. वय झालं की आधी तेच जातात, असं डॉक्टरांनी समजावलं. अप्पांनी आलेख हातात घेऊन गंभीरपणे पाहिला. "म्हणजे खालचं इंजिन शाबूत आहे, हेड काढायला लागेल."

मग त्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. यंत्र बाहेरून दिसेल का? कानात कायमचं काही कापावं लागेल का? आणि उद्या काढून ठेवलं तर कान होता तसा राहील ना? डॉक्टर गोंधळले. मी नाही गोंधळलो. अप्पांनी कानाच्या आतच बसणारं, कातडीच्या रंगाचं यंत्र निवडलं. त्याची रिकामी डबीही मागून घेतली, चिठ्ठी लावायला.

घरी कुणाला सांगायचं नाही अशी मला ताकीद होती. काकूंना चार दिवस खरंच कळलं नाही. त्या चार दिवसांत त्या नेहमीसारख्या स्वतःशी बोलत होत्या आणि अप्पा पेपरामागून सगळं ऐकत होते. पातेल्याचंसुद्धा.

पाचव्या दिवशी उस्तादांनी बेअरिंग बदललं, क्राउन-पिनियनची फट जुळवली. अप्पा आणि काकू पुढच्या सलग सीटवर, मी मागे, असे आम्ही घरी निघालो. कुईं बंद होती. संगम पुलावर आल्यावर काकू खिडकीबाहेर पाहत तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "चला, आता बरं वाटतंय."

"मलाही," अप्पा म्हणाले आणि गिअर बदलला. मग जुन्या बाजाराच्या दिशेला मान वळवून विचारलं, "पितळी पातेलं केवढं होतं ग?"