दर्या आणि दऱ्या

काशीदला लॅपटॉप नेणार नाही, असं मी बायकोला वचन दिलं होतं. तो टॉवेलात गुंडाळून नेला. कारण काही वर्षांपूर्वी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून जगाला फुकट वाटला. फुकट वाटलेल्या वस्तूच्या तक्रारी मात्र जन्मभर ऐकाव्या लागतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

काम साधं. जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. कोड सगळ्यांना खुला: कुणीही बघावा, सुधारावा, सुधारणा माझ्याकडे पाठवावी. ऐकायला वारीसारखं वाटतं. प्रत्यक्षात हे सोसायटीचं सेक्रेटरीपद आहे. पगार शून्य, आणि लिफ्ट बंद पडली की बेल तुमच्याच दाराची वाजते. ‘तीन दिवसांत उत्तर नाही, प्रोजेक्ट मेला का?’ असं एकाने विचारलं होतं. त्या तीन दिवसांत शनिवार, रविवार आणि अनंत चतुर्दशी होती. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं कोड पाठवणाऱ्यांवर तोंडसुख घेत आला आणि सप्टेंबर 2018 मध्ये जाहीर माफी मागून काही दिवस रजेवर गेला. मला रजाही बायको देते, तीही आता टॉवेल तपासून.

काशीदला सुरूच्या झाडांमागे एका काकूंकडे उतरलो होतो. घरगुती जेवण, ओसरीवर पंगत. पहिल्याच घोटाला मी म्हणालो, “काकू, सोलकढी झकास! फक्त मिरची जरा कमी असती तर...”

“मग उद्या सहाला या नारळ खवायला. मिरची तुम्हीच टाका.”

मी वरमलो. आमच्या धंद्यात यालाच ‘पॅच पाठवा’, म्हणजे सुधारणा तुम्हीच करून द्या, असं म्हणतात, आणि मी ते दिवसातून दोनदा म्हणतो. पंगतीत मी एकटा नव्हतो. सुरमईला रवा नको, तांदळाचं पीठ हवं, असं शेजारचे गृहस्थ घास गिळत सांगत होते. त्यांचे मेहुणे तर उठून थेट चुलीपाशी गेले आणि रश्शात दोन कोकमं टाकून आले. काकूंनी ती पळीने बाहेर काढली, आणि मेहुण्यांनाही.

मी असतो तर काढली नसती. चुलीशी येणारा मदतनीस मला देवदूत वाटतो. खरं तर मार्च 2024 मध्येच शहाणं व्हायला हवं होतं. एक्सझेड नावाचं, लिनक्समध्ये जागोजागी वापरलं जाणारं सामान लासे कॉलिन हा एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. अनोळखी मंडळी पत्रांतून त्याच्यामागे लागली: उशीर होतोय, दुसऱ्याच्या हाती द्या. मदतीला ‘जिया तान’ नावाचा सज्जन हजर होताच. त्याने दोनेक वर्षं इमानदारीने भांडी घासली आणि किल्ली हाती आल्यावर आत चोरदरवाजा बसवला. किरकिर करणारे त्याच्याच टोळीतले असावेत, असा संशय आहे. आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो चोरदरवाजा उघडकीला आला. अर्धा सेकंद! आमच्याकडे ‘नेट स्लो आहे’ म्हणून सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी बायको मुलाला उंटावर बसवण्याची घासाघीस करत होती, आणि मी सुरूखाली लॅपटॉप उघडला. एका अत्यंत नम्र माणसाची सुधारणा आली होती: ‘सर, मजकुरातली अदृश्य घाण साफ केली आहे.’ सर म्हटल्यावर मी विरघळतो. न वाचताच ती प्रोग्रॅममध्ये मिसळून टाकली.

ती घाण नव्हती. ‘दऱ्या’तला तो पापणीसारखा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत नुक्त्याचा ऱ लागतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. माझा प्रोग्रॅम दुसरी तऱ्हा वापरायचा. जोडचिन्ह पुसलं की पापणी उडते, रफार येतो, आणि दऱ्यांचा दर्या होतो. संध्याकाळपर्यंत एका गिर्यारोहण मंडळाची तक्रार आली: त्यांच्या स्मरणिकेत सभासदांनी एका पावसाळ्यात ‘सात दर्या’ ओलांडल्या होत्या. सिंदबाद परवडला.

मी रात्री ओसरीवर दुरुस्ती करत बसलो. तेवढ्यात काकू मेनूकार्ड घेऊन आल्या. त्यांच्या भाच्याची जुन्या फॉन्टातली फाईल मीच दुपारी बदलून दिली होती, सोलकढीचं प्रायश्चित्त म्हणून. त्याने ती मुरूडहून छापूनही आणली होती. तळाशी मूळची ठळक ओळ होती, ‘आचाऱ्यांना सूचना करू नयेत.’ आता तिथे होतं: ‘आचार्यांना सूचना करू नयेत.’

“चूक झाली काकू, उद्या नवीन छापून देतो.”

काकूंनी चष्मा लावून ओळ पुन्हा वाचली.

“कशाला? बरोबर आहे की. आणि तो तुमचा प्रोग्रॅम आहे तसाच ठेवा, पुढच्या वर्षी भाव बदलले की परत लागेल.”