साहेब अभ्यासाला गेले

सरकारी खर्चानं परदेशी जाऊन आलेल्याला अहवाल लिहावा लागतो, हे फार बरं आहे. नाहीतर माझ्यासारख्या निवृत्त मराठीच्या मास्तरला कोण विचारतंय? आमच्या गल्लीतले एक रुग्णालय प्रशासक (रुग्णालय कुठलं ते विचारू नका, मला रोज त्यांच्या दारावरून जायचं असतं) युरोपात व्यवस्थापनाचा अभ्यास करून आले आणि ‘मास्तर, जरा ऱ्हस्वदीर्घ बघा’ म्हणून अहवाल माझ्या हातात ठेवला.

ऱ्हस्वदीर्घ ठीक होतं. निरीक्षण पहिलं : ‘तेथे जिन्यात कोणीही थुंकलेले आढळले नाही.’ दुसरं : ‘रुग्णासोबत नातेवाईक नसतात.’ शिफारस : ‘आपल्याकडेही नातेवाईकांवर नियंत्रण असावे.’ आता आमच्या सोलापुरात एक पेशंट ॲडमिट झाला की अक्कलकोट, मंगळवेढा, पार इंडीपासून पाहुणे येतात. केसपेपरच्या रांगेत तेच, स्ट्रेचर ढकलायला तेच, रक्ताची पिशवी आणायला पळणारेही तेच. बिनपगारी माणसं ती. त्यांना फाटकाबाहेर काढलं तर दुपारपर्यंत साहेबांनाच स्ट्रेचर ढकलावं लागेल.

सोबत फोटो होते. कारंजं, किल्ला, नदी, पुन्हा कारंजं. एका फोटोत रुग्णालय होतं, पण कॉफीच्या यंत्राच्या बाजूनं. वहिनींनी बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीवर साहेबांनी सगळा दौरा काढला, दैनिक भत्ता जसाच्या तसा घरी आणला. व्यवस्थापन येत नाही असं कोण म्हणेल?

त्यांना एकट्याला तरी का बोलावं? 2014 मध्ये फुटबॉलचा विश्वचषक बघायला, म्हणजे अभ्यासायला, तीन मंत्री आणि तीन आमदार ब्राझीलला धाडायचं गोवा सरकारनं ठरवलं होतं. खर्च 89 लाख. बोंब झाली ती वेगळी.

आणि बाहेर जाण्यात वाईट काहीच नाही. आमच्या भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरातूनच एक माणूस गेला होता. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी सुभाषबाबूंनी आवाहन केलं, वर्गणीतून 22 हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टर बोटीनं चीनला निघाले. चौघं परत आले. द्वारकानाथ कोटणीस राहिले, चिनी शिकले, एका लढाईत 72 तास न झोपता शस्त्रक्रिया करत होते म्हणतात. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. म्हणजे पदानं आमच्या साहेबांच्याच जातकुळीतले. पुढच्याच वर्षी, वयाच्या 32व्या वर्षी तिथंच गेले. आजचा हिशेब तपासनीस असता तर ‘परतीच्या प्रवासाची पावती जोडलेली नाही’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. त्यांचं स्मारक बघायला अजून चीनहून लोक सोलापुरात येतात. साहेब रोज त्याच्यासमोरून स्कूटरनं जातात.

मी अहवाल परत करताना म्हटलं, ‘साहेब, पुढच्या वेळी मदुराईला जा. डॉ. वेंकटस्वामींनी 1976 मध्ये 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. अमेरिकेत बर्गरच्या दुकानांची शिस्त बघितली आणि तीच मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लावली. पैसेवाल्याकडून घ्यायचे, गरिबाचं फुकट करायचं. आता गोरे लोक तिथं शिकायला येतात. आणि तुम्हाला तर विमानसुद्धा नको. नागरकोइलची गाडी आपल्या सोलापूर स्टेशनवरून थेट मदुराईला जाते.’

साहेबांनी डोळे मिटून बराच विचार केला. मला वाटलं, पटलं.

‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘मदुराईहून श्रीलंका जवळच पडते ना?’