दावरसाहेबांचा निःपक्षपात

न्यायाधीशाचा निःपक्षपात म्हणजे समोरच्या कोणत्याही पक्षाकडे न झुकण्याची वृत्ती, अशी सर्वमान्य व्याख्या असली, तरी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी १९०८ साली ती अशा उंचीवर नेऊन ठेवली की, एकेकाळी स्वतः मांडलेल्या बाजूलाही त्यांनी झुकते माप दिले नाही. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा, म्हणजे सरकारविषयी अप्रीती पसरवल्याचा, खटला भरला गेला, तेव्हा न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले ते बॅरिस्टर दावरच, आणि तो जामीन मिळालाही. अकरा वर्षांनी त्याच टिळकांसाठी, त्याच कलमाखाली, बॅरिस्टर जिना जामीन मागू लागले, तेव्हा न्यायासनावरच्या दावरांनी तो नाकारला आणि कारणे न देणेच शहाणपणाचे ठरेल, असेही सांगितले. कारणे दिली असती तर ती खोडून काढण्यास बॅरिस्टर दावरांचाच जुना युक्तिवाद पुरेसा होता, हे ध्यानात घेता या शहाणपणाला दाद द्यावीच लागेल.

खटल्यासाठी ‘स्पेशल ज्युरी’ बसवण्यात आली. ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष एवढेच सांगणारे नागरिकांचे पंचमंडळ. ते ‘स्पेशल’ झाले की पंच प्रतिष्ठितांच्या यादीतून निवडले जात, आणि प्रतिष्ठा त्या काळी कोणाकडे असे हे मुंबईकरांस सांगायला नको. नऊ पंचांत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. आक्षेपार्ह ठरलेले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तले लेख मराठीत असल्याने त्यांतील अप्रीती इंग्रजी भाषांतरातून शोधण्यात आली, आणि त्या भाषांतरावर टिळकांनी कितीही हरकती घेतल्या तरी ती सापडायची थांबली नाही. कौल पडला सात विरुद्ध दोन. ज्युरीची घडण आणि कौलाचे आकडे यांतील साम्य हा निव्वळ योगायोग मानावा, एवढा मनाचा मोठेपणा वाचकांनी दाखवावा.

२२ जुलैच्या रात्री, दुसऱ्याच दिवशी बावन्न वर्षे पूर्ण करणाऱ्या आरोपीला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व हजार रुपये दंड सुनावताना न्यायमूर्तींना चिंता होती ती वेगळीच: आपल्यावर अनाठायी दयाळूपणाचा ठपका येईल, असे त्यांनी बोलून दाखवले. कायद्याने जन्मठेपही देता आली असती, तेव्हा ठपका ठेवणारे कोण, हे त्यांनी न सांगताही उमगते. गिरणगावातल्या कामगारांना मात्र ही दया मुळीच कळली नाही. त्यांनी वर्षाला एक या हिशोबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या.

पुढे दावरांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांच्या सन्मानार्थ वकीलमंडळींनी मेजवानी योजली, तेव्हा सरकारला हवे ते करून किताब मिळवणाऱ्या न्यायाधीशाला भोजन देण्याची शरम वाटायला हवी, असे जिनांनी कळवले. त्याच जिनांचे एकेकाळचे साहाय्यक छागला १९५६ साली मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि टिळकांनी शिक्षेआधी काढलेले उद्गार त्या न्यायालयाच्या भिंतीवर त्यांच्याच हस्ते झळकले. दावरांचे दयाळूपणाविषयीचे वाक्यही शेजारी कोरावे, असे अद्याप कोणी सुचवलेले नाही.