वॅट, वायफाय आणि काळा पडदा

होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायला निघालेला माणूस आधी वॅट बघतो. खोक्यावर ठसठशीत १५०. खाली मुंगीच्या अक्षरांत : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनेल चालू. म्हणजे बाकीच्या सहा स्पीकरांनी मौन पाळलं आणि फाटका आवाज चालवून घेतला, तर १५० वॅट पक्के.

मग नेटवर्क. एअरप्ले, स्पॉटिफाय कनेक्ट, यामाहाचं म्युझिककास्ट, डेननचं हिओस. दुकानदार सहस्रनामासारखी नावं घेतो. न्यू जर्सीच्या मेहुण्याने आणलेला सेट असेल, तर त्यात पँडोरा हे गाण्यांचं अ‍ॅपही सापडतं. ते २०१७पासून फक्त अमेरिकेत चालतं. सेटही १२० व्होल्टचाच. आपल्या २३०ला जोडायचा, तर आधी ट्रान्सफॉर्मर हवा. स्वस्त पडलं म्हणे!

‘भविष्यासाठी तयार’ ही तर वेगळीच गंमत. २०२०मध्ये एचडीएमआय २.१ आणि ‘८के’ची पाटी मिरवत नवे रिसीव्हर आले. लोकांनी हौसेने एक्सबॉक्स सिरीज एक्स जोडला, ४के १२० हर्ट्झ निवडलं आणि पडदा काळा. खोट आतल्या चिपमध्ये. डेनन-मरँट्झवाल्यांनी मध्ये जोडायला एक वेगळी डबी फुकट दिली. यामाहाने बोर्ड बदलून द्यायचं कबूल केलं.

अ‍ॅम्प्लिफायर पंधरा वर्षंही कुरकुर न करता वाजतो. आतली अ‍ॅप्स त्याआधीच माना टाकतात. मग त्याच महागड्या यंत्राच्या मागे काही हजारांची फायर टीव्ही स्टिक लोंबकळते, आणि दिवाणखान्यातलं सगळं स्ट्रीमिंग तीच बघते.