तिसरी शिट्टी

पोटासाठी मी दुसऱ्यांच्या चुका शोधते. मुद्रितशोधनात हयात गेली. दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला दीर्घ मला चालत्या रिक्षातून दिसतो आणि लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांच्या नावाआधी मी त्यांचे अनुस्वार बघते. त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ‘साखर कुंपणावर आहे, पाकिटातलं काही खाताना मागचं वाचत जा’ असं सांगितलं, तेव्हा मला मनातून गुदगुल्याच झाल्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा तो आकडा ६.१ होता. ५.७ च्या खाली असता तर मी सुटले असते, ६.५ ला पोचला असता तर गोळ्या सुरू. आणि उपाय काय, तर वाचन! लोकांना कारलं पाजतात, चालायला पाठवतात. मला माझा धंदाच पथ्य म्हणून मिळाला होता.

सुरुवात घरच्या बिस्किटांपासून केली. पुड्याच्या दर्शनी बाजूला डोलणारी गव्हाची ओंबी आणि तिच्यामागे उगवता सूर्य. घटकपदार्थ मात्र मागे, जिथे पुडा दुमडून चिकटवतात त्या घडीच्या आत. घडी नखाने सोडवली तर आत तपकिरी जमिनीवर सोनेरी अक्षरं, तीही अशी की पंचांगाचा टाइप त्यापुढे धष्टपुष्ट वाटावा. आमच्याकडे कुणी अशी जुळणी करून आणली असती तर त्याला चहासुद्धा न विचारता परत पाठवलं असतं. मी कपाटातून भिंग काढलं.

वजनाने जे सगळ्यांत जास्त ते पहिलं, अशा उतरत्या क्रमाने घटक लिहायचे असा नियम आहे. पहिला निघाला मैदा. ओंबी फोटोपुरती आली होती. मग साखर, मग पाम तेल. त्यापुढे इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही मंडळी निरनिराळ्या ओळींत, एकमेकांची ओळख नसल्यासारखी बसलेली. सगळी साखरेच्या घराण्यातली, निदान सोयरी तरी. एका पंगतीला बसवली असती तर मैद्याला जड गेलं असतं. शेवटी नुसते आकडे: आयएनएस ५०३, ५००, ३२२, ३३०. ते शोधून काढून मी सासूबाईंना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवले. ‘आई, पाचशे म्हणजे खायचा सोडा, आणि तीनशे तीस म्हणजे लिंबूसत्त्व.’

‘मग तसं लिहायला काय धाड भरली त्यांना?’ आई म्हणाल्या आणि वाटीतल्या चहात बिस्किट बुडवून मोकळ्या झाल्या.

टक्केवारीचा तक्ता तर वाचावा तितका सोज्वळ. एक सर्व्हिंग २५ ग्रॅमचं, म्हणजे तीन बिस्किटं. त्यात साखर पाच ग्रॅम. दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅम धरतात, म्हणजे हे अवघे १० टक्के. २५० ग्रॅमच्या पुड्यात अशी दहा सर्व्हिंग असतात असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी दीड असतात.

घरातले डबे वाचून संपल्यावर मी बाहेर पडले. कोथरूडच्या एका मोठ्या दुकानात, खांद्याला शबनम, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात वही आणि सवयीने लाल पेन. सुती साडी होती. या सगळ्याचा एकत्रित परिणाम काय होतो हे मला ठाऊक नव्हतं. मी लोणच्याच्या बरणीवरची तारीख शोधत होते. लेबलवर ‘तारीख झाकणावर पहा’ लिहिलेलं, आणि झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी छापलेल्या शाईला बोट लागलं की तारीख बोटावर यायची. वहीत नोंद केली. थोड्या वेळाने जाणवलं की त्या रांगेत एकाएकी झाडलोट सुरू झाली आहे. एक मुलगा पोचे आलेले डबे गुपचूप ट्रॉलीत भरून नेत होता. मग व्यवस्थापक आले, शर्ट खोचत.

‘मॅडम, काही प्रॉब्लेम?’

‘छे, वाचतेय,’ मी म्हणाले.

याहून घाबरवणारं उत्तर मला ठरवूनही सुचलं नसतं. माझ्यासाठी खुर्ची आली, लिंबूसरबत आलं. अन्न आणि औषध प्रशासनाच्या माणसाचा थाट काय असतो तो मी त्या दिवशी बसून उपभोगला. गैरसमज दूर करावा असं वाटलं, नाही असं नाही, पण सरबत संपेपर्यंत थांबायला हरकत नव्हती. शिवाय त्यात साखर किती याचं लेबल नव्हतं, त्यामुळे जिवाला घोर नव्हता.

खुर्चीमुळे फ्रीझरच्या कपाटापाशीही निवांत बसता आलं. ज्याला आम्ही वर्षानुवर्षं आइस्क्रीम म्हणून पाहुण्यांपुढे ठेवत आलो, त्या डब्यावर आइस्क्रीम हा शब्द औषधालाही सापडेना. होतं ते फ्रोझन डेझर्ट. नुसतं आइस्क्रीम म्हणवून घ्यायचं तर दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते. इथे दुधाच्या स्निग्धतेच्या जागी वनस्पती तेल. पाहुण्यांच्या दोन पिढ्यांची मी मनोमन माफी मागितली. साऱ्या दुकानात सरळ बोलणारं चिन्ह एकच, शाकाहाराचा हिरवा ठिपका. मांसाहाराचा तपकिरी ठिपका तर आता त्रिकोण झालाय, रंगांधळ्या माणसालाही फरक कळावा म्हणून. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून वाचणाऱ्याचा विचार केला होता तर! मला भरून आलं.

घरी आल्यावर मात्र डोकं फिरलं. कारण आमच्या घरातली यंत्रं. त्यांच्या पोटात काही म्हणून राहत नाही. फ्रीजचं दार जरा उघडं राहिलं की तो टुकटुक लावतो. कपडे धुऊन झाले ही बातमी धुलाईयंत्र गाण्यातून देतं, सगळी कडवी म्हणून. मायक्रोवेव्हमधली वाटी बाहेर काढेपर्यंत तो मिनिटामिनिटाला आठवण करतो. इंडक्शनच्या शेगडीवर चुकून ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं, म्हणजे ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटत नाही असं काहीही, की ती इंग्रजी ‘ई’ दाखवून बोंबलते. पातेलं बदल असं साध्या शब्दांत सांगत नाही. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही ती सारखी ओरडतात, आणि ज्या पुड्याला खरोखर काही सांगायचंय तो घडीत तोंड खुपसून बसतो. हे मी ‘ह्यां’ना जेवताना सांगितलं. ‘ऐकायला हवं असं काय काय आहे घरात,’ एवढंच म्हणून ते उठले. कुणाबद्दल म्हणाले ते मी अजून विचारलेलं नाही.

या सगळ्यांत जुना आणि मोजकं बोलणारा म्हणजे कुकर. एका संध्याकाळी धुणंभांडी करणाऱ्या मावशी आल्या नव्हत्या, कुकरची आतली भांडी खरकटी पडलेली, म्हणून तुरीची डाळ थेट कुकरातच घातली. दोन्ही वेळचं वरण एकदम व्हावं म्हणून जरा सढळ हाताने. गॅस लावला, धुलाईयंत्र लावलं, दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि फ्रीजमधून सॉसची बाटली काढून तिथेच भिंगाखाली धरली. टोमॅटोच्या पाठोपाठ साखर. मी आत आत वाचत गेले. पहिली शिट्टी झाली.

‘किती झाल्या गं?’ बाहेरच्या खोलीतून आई.

‘एक, आई.’

दुसरी झाली. तीही मी मोठ्याने जाहीर केली. आता तिसरी झाली की बंद करायचा. फ्रीज टुकटुकायला लागला होता, मायक्रोवेव्हने दूध तापल्याचं कळवलं, मागून यंत्राने गाणं धरलं. मी मीठ शोधत होते. लेबलावर मीठ ग्रॅममध्ये नसतं, सोडियम असतं, मिलिग्रॅममध्ये. अडीचने गुणायचं आणि हजाराने भागायचं. गुणाकार चालला होता. तिसरी शिट्टी काही होईना.

आमच्या इमारतीत दोन फ्लॅटच्या ड्राय बाल्कन्या एकाच डक्टवर उघडतात. पलीकडच्या वैनींचा ओटा त्या बाजूला, आमचाही त्याच बाजूला. वैनी संध्याकाळी भात लावतात. भाताला दोन शिट्ट्या. दोन झाल्यावर त्यांनी त्यांचा गॅस बंद केला होता, आणि मी त्यांच्या भाताच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत उभी होते. माझा कुकर पहिल्यापासून अवाक्षर बोललेला नव्हता.

तो बोलला तेव्हा एकदाच बोलला. फस्सकन आवाज झाला आणि झाकणातून पिवळा फवारा सरळ छताला जाऊन भिडला. मी फ्रीजच्या उघड्या दारामागे होते, म्हणून वाचले. त्या दाराबद्दल मी पुन्हा कधी वाईट बोलणार नाही. डाळ एक्झॉस्ट फॅनवर गेली, मसाल्याच्या डब्यावर गेली, कालनिर्णयावर गेली आणि संकष्टीपासून अमावस्येपर्यंतचे सगळे दिवस पिवळे करून ओघळली. हे दारात येऊन दुरूनच ‘गॅस बंद कर, गॅस बंद कर’ म्हणत राहिले. तो मी केला. डक्टमधून वैनींचा आवाज आला, ‘काही पडलं का हो?’

‘झाल्या का तीन?’ आई बाहेरून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी झाकण पिशवीत घालून तुळशीबागेजवळच्या एका दुकानात गेले. तिथे कुकरचे सुटे भाग मिळतात. दुकानदाराने आधी विचारलं, ‘आतल्या झाकणाचा की बाहेरच्या? किती लिटर?’ मला सांगता येईना. ते कुकरवर कोरलेलं असतं म्हणे. मग त्याने झाकण उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि शिट्टी बसते त्या नळीतून पाहिलं.

‘यातून उजेड दिसायला पाहिजे, ताई. कुकर लावताना दर वेळी बघायचं. डाळीचं टरफल अडकलंय बघा. वाफेला वाट नाही, मग शिट्टी वाजणार कुठून? हा व्हॉल्व्ह उडाला म्हणून बरं. त्यात कमी तापमानाला वितळणारा धातू असतो, तो स्वतः जातो आणि कुकर वाचवतो. डाळ किती घातली होती?’

मी हाताने अंदाज दाखवला.

‘डाळ असेल तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर जायचं नाही. ती फेसाळते. आणि शिट्ट्या कसल्या मोजता? प्रेशर आलं की आच बारीक करायची आणि मिनिटं मोजायची. सगळं पुस्तिकेत दिलेलं असतं. वाचली नाही का?’

आमच्या कुकरची पुस्तिका ड्रॉवरमध्ये तळाशी होती, गॅरंटी कार्डासकट, मूळच्या प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी फोडलेली नव्हती. त्या रात्री भिंग न घेता वाचली, चांगला ठसठशीत टाइप आहे. नळीतून पाहायचं, अर्ध्यापर्यंत भरायचं, आच, मिनिटं, सगळं चित्रांसकट दिलंय. मराठी पानावर वेलांटीच्या काही चुका आहेत. त्यांवर लाल खुणा करून ठेवल्यात.

छत अजून पुरतं पांढरं झालेलं नाही. हळद कशाने जाते हे कुठल्याच लेबलवर सापडत नाही. मिनिटं मोजायचं ठरलं होतं, पण आईंचा घड्याळावर विश्वास नाही. शिट्टीला त्यांचा कान पक्का आहे. तेव्हा तोडगा वैनींनीच काढला. हल्ली संध्याकाळी त्यांच्याकडे शिट्टी झाली की त्या ड्राय बाल्कनीच्या खिडकीशी येतात आणि डक्टमध्ये तोंड घालून ओरडतात, ‘ही आमची होती हो!’

‘बरं!’ आई आतून म्हणतात, आणि माझ्याकडे बघून बोट दुमडत नाहीत.